पेटीच्या वजनाइतकं

माझ्या पायाला भिंगरी आहे असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. शाळेत बाई विचारायच्या, "बाकावर काटे आहेत का गं?" आणि वर्गात हशा पिकायचा. असल्या माणसाला देवाने नोकरी कसली द्यावी? तर दिवसभर खुर्चीत बसून काय काय बिघडू शकतं याचा विचार करायची. बिघडलेलं दुरुस्त करायची नव्हे हं. अजून बिघडलंच नाहीये, त्याची काळजी करायची, आणि तीसुद्धा गणितात. बाकीचे लोक हे काम फुकट करतात, मला त्याचा पगार मिळतो.

आमचा गाळा मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावर. खालच्या मजल्यावर पुठ्ठ्याची खोकी होतात, शेजारी शर्टांना बटणं लागतात, आणि मध्ये आम्ही उपग्रहांची कामं करतो. कोणाला सांगितलं की ते आधी माझ्याकडे बघतात, मग जिन्यातल्या पानाच्या पिचकाऱ्यांकडे, आणि मग हसतात. हसा बाबांनो. आमच्या गाळ्यातून गेलेल्या कंसपट्ट्या, म्हणजे ब्रॅकेट, आणि झाकणं पृथ्वीभोवती फिरताहेत, पण ते सगळं दुसऱ्यांच्या आराखड्यावरून केलेलं. त्यांनी चित्र पाठवायचं, आम्ही तसं कापून द्यायचं. आमचं असं वर काही नव्हतं.

म्हणून साहेबांची पेटी.

साहेब म्हणजे गाळ्याचे मालक. सदुसष्ट वर्षांचा माणूस, एक गुडघा कामातून गेलेला, पण जिना चढताना कोणी हात पुढे केला तर खेकसणारा. वीसेक वर्षं दुसऱ्यांची झाकणं केल्यावर त्यांनी पहिल्यांदा स्वतःची एक वस्तू बनवली होती. बुटाच्या खोक्याएवढी ॲल्युमिनियमची पेटी. उपग्रहाच्या बॅटरीकडून येणारी वीज घ्यायची आणि प्रत्येक उपकरणाला हवी तेवढी, हवी तशी पुरवायची, हे तिचं काम. आराखडा साहेबांचा, आतलं सर्किट आमचं, स्क्रूसुद्धा आम्ही निवडलेले. एका छोट्या उपग्रहावर तिला पाहुणी म्हणून जागा मिळाली होती. म्हणजे उपग्रहाची खरी वीज दुसरीच पेटी सांभाळणार, आमची शेजारी बसून वर्षभर चालून दाखवणार. चालली, तर पुढच्या उपग्रहांमध्ये खऱ्या कामाला.

साहेबांनी हे कोणाला म्हणून सांगायचं ठेवलं नव्हतं. वॉचमनला, पानवाल्याला, सोसायटीच्या वार्षिक सभेत, व्याह्यांकडे. रोज सकाळी आल्यावर आधी पेटीपाशी जायचे, पांढरा हातमोजा चढवून झाकणावरून एकदा हात फिरवायचे आणि मगच चहा घ्यायचे. आम्ही मागून डोळे मिचकावायचो. पण खरं सांगते, तो माणूस त्या एका पेटीसाठी जगत होता, आणि हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

त्या पेटीचं गणित माझ्याकडे होतं.

गणित तसं सोपं आहे, म्हणजे सांगायला सोपं. वर गेलेली वस्तू बिघडली की बिघडली. तिथे कोणी मिस्त्री जात नाही. म्हणून महत्त्वाच्या भागाचा एक जादा भाग सोबत द्यायचा. पहिला मेला की दुसऱ्याने काम उचलायचं. पण प्रत्येक जादा भागाला वजन असतं, आणि वजन मोजून मिळतं. एसटीने गावी जाताना एकच पिशवी न्यायची असली की आई जशी ठरवायची, कोणाचे दोन जोड, कोणाचे तीन, कोणी एकावर भागवायचं, तसंच हे. अमुक वजनात कुठे कुठे जादा भाग ठेवले तर पेटी वर्षभर जगण्याची शक्यता सगळ्यात मोठी होईल? याला आमच्यात ऑप्टिमायझेशन म्हणतात. मी अटी लिहायच्या, प्रत्येक भाग किती टिकतो तो आकडा द्यायचा, आणि संगणक लाखो मांडण्या चाळून एक काढून देतो. ही घ्या, यापेक्षा चांगली नाही.

फक्त त्याला एक खोड आहे. तुम्ही कुठे ढिलाई ठेवलीत की तो नेमका तिथूनच शिरतो. त्याला लाज नसते. घरातलं मांजर बरं.

मी ढिलाई ठेवली होती. तेव्हा मला ते माहीत नव्हतं.

एका रविवारी सकाळी नाहूरला आमच्या घरी बाबा जमिनीवर वर्तमानपत्र पसरून सुकट निवडत बसले होते. बाबा मालवणकडचे. तरुणपणी गिरणीत लागले, गिरणी गेल्यावर भांडुपला एका कारखान्यात गेले, आता घरी असतात आणि माझ्यावर लक्ष ठेवतात. त्यांचं मराठी अजून मालवणीच आहे. मी स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत, बाहेरून आत, अशा माझ्या नेहमीच्या फेऱ्या मारत होते.

"बस गो जरा," ते म्हणाले. "तुज्या त्या पेटयेत काय काय असता ता तरी सांग. साहेब तुजो सगळ्यांका सांगता, माका कोण सांगत नाय."

मी सांगितलं. वीज बदलणारे तीन भाग आहेत. एक काम करतो, दोन नुसते बसून असतात. पहिला गेला की दुसरा, दुसरा गेला की तिसरा.

"म्हणजे बदलीवाले," बाबा लगेच म्हणाले.

बाबा सुरुवातीची सहा वर्षं बदली कामगार होते, हे मी ऐकून होते. कायम कामगाराने खाडा केला की त्याच्या जागी एक दिवसापुरता लागायचं. त्यासाठी रोज पाळी सुरू व्हायच्या आधी गिरणीच्या गेटावर जाऊन उभं राहायचं. आतून जॉबर यायचा, म्हणजे खात्याचा मुकादम, बोट करून माणसं उचलायचा, उरलेले घरी.

"हो, अगदी तेच," मी म्हटलं. मला गंमत वाटली. "माझे दोन बदलीवाले गेटावर उभे असतात."

"आणि जॉबर किती?"

"जॉबर कशाला?"

"अगो, बदलीवाल्याक आत कोण घेतलो? जॉबर. तुज्या पेटयेत कोण घेता?"

"स्विच आहे ना. पहिला भाग मेला की तो स्विच दुसऱ्याला जोडतो."

"तसले स्विच किती आसत?"

"एक."

"तो बिघडलो तर?"

"तो बिघडत नाही, बाबा."

"कोणी सांगल्यान?"

मी फेऱ्या मारायची थांबले. सुकटीतला एक बारीकसा खेकडा उचलून बाबांनी बाजूला टाकला आणि आपल्याच नादात सांगू लागले. एके दिवशी त्यांच्या खात्याचा जॉबरच आला नव्हता. म्हणे सासुरवाडीला गेला होता, कोणाला न सांगता. नेमके त्या दिवशी आत खाडे पुष्कळ. गेटाबाहेर बदलीवाल्यांची ही गर्दी. पण कोणाला घ्यायचं हे सांगणारा माणूसच नाही, आणि त्याच्या सांगण्याशिवाय गेटावरचा पहारेकरी कोणाला सोडेना. अर्धी पाळी तशीच गेली. "आत साचे उभे, भायर आमी उभे, आणि मदी गेट," बाबा म्हणाले आणि स्वतःच हसले. साचे म्हणजे माग. चाळीस माणसं कामाला तयार असून एक वार कापड निघालं नाही.

मला हसू आलं नाही. कोणी सांगितलं? मी सांगितलं होतं. मीच.

मॉडेल मांडायला घेतलं तेव्हा स्विच किती टिकतो याचा आकडा आला नव्हता. बनवणारा आज देतो, उद्या देतो करत होता. मला कुठे धीर? मी त्या जागी एक लिहिला. आमच्या हिशोबात एक म्हणजे कधीच न बिघडणारा, शून्य म्हणजे आधीच मेलेला, आणि बाकी सगळं जग या दोहोंच्या मध्ये. आकडा आला की बदलू म्हटलं. पुढे आकडा आला. मी तो नीट जपून ठेवला. आणि मॉडेलमध्ये घालायला विसरले. जगातली एकही वस्तू एक नसते, हे मी नव्या लोकांना पहिल्या दिवशी शिकवते हो. मी!

"खंय चल्लंस? जेव आदी," बाबा म्हणत होते. मी रविवारीच स्कूटर काढायला निघाले होते. गाळ्याची किल्ली साहेबांकडे असते हे जिना उतरल्यावर आठवलं आणि परत वर आले. जेवले. काय जेवले आठवत नाही.

सोमवारी पवईवरून मरोळला कशी पोचले देव जाणे. फाइल उघडली. स्विचसमोर एक. तसाच, साधाभोळा, जणू कोणाचं काही वाईट केलं नाही. मी तो काढला, खरा आकडा घातला आणि संगणकाला पुन्हा कामाला लावलं. तो दोन मिनिटांत वेगळंच सांगू लागला. तिसरा भाग काढून टाका, त्याच्या वजनात दुसरा स्विच बसवा. अर्थात! बदलीवाले वाढवून काय करता, जॉबर एकटा आहे. स्विच कधी बिघडतच नाही असं मी सांगितल्यामुळे त्याने बिनधास्त सगळं वजन जादा भागांवर उधळलं होतं. आणि आम्ही बनवलेली, कंपन चाचणी झालेली, माझ्या सहीची जी मांडणी होती, तिचा खरा आकडा उपग्रहवाल्यांनी घालून दिलेल्या मर्यादेच्या खाली आला.

माझ्या तोंडून एक शिवी गेली. समोरच्या टेबलावर सोल्डरिंगचे टाके जोडणाऱ्या ताईंनी मान वर केली. "काय झालं गं?"

"वाट लागली," मी म्हटलं.

शुक्रवारी शेवटची तपासणी होती. उपग्रहवाल्यांची दोन माणसं येणार, कागद बघणार, झाकण कायमचं बंद होणार आणि पेटी जाणार. दुसरा स्विच बसवायचा तर नवं सर्किट कार्ड करायचं, पुन्हा जोडणी, पुन्हा चाचण्या. त्याला महिने लागतात. उपग्रह थांबत नाही. म्हणजे मी तोंड उघडलं की साहेबांची पेटी गेली. आणि नाही उघडलं तर? बहुधा काहीच झालं नसतं. हेच तर मला खात होतं. स्विच वर्षभर टिकण्याची शक्यता चांगलीच होती, फक्त मी लिहिली होती तेवढी नव्हती.

साहेबांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"किती खाली?"

"थोडंच."

"थोडंच म्हणजे?"

"साहेब, खाली म्हणजे खालीच."

"अगं, पाहुणी आहे ती. बंद पडली तरी उपग्रहाचं काही अडत नाही. तूच सांगितलंस ना."

"या वेळी पाहुणी आहे. पुढच्या वेळी कोणीतरी माझा आकडा बघूनच तिला खऱ्या कामाला लावणार. तेव्हा स्विच अडकला तर अख्खा उपग्रह अंधारात बसेल. आणि तेव्हा ते कागद काढतील, त्यावर माझी सही."

"पुढच्या वेळी दोन स्विच घालू की!"

"आणि या वेळच्या अहवालात काय लिहायचं? की हा आकडा खोटा होता?"

ते एकदम उसळले. "आणि तुला हे आत्ता सुचतंय? आत्ता? चार दिवस राहिले असताना?"

एरवी मी कोणाचं ऐकून घेत नाही, त्या दिवशी घेतलं. ते हळू आवाजात म्हणाले, "शुक्रवारपर्यंत कोणाशी बोलू नकोस. मला विचार करू दे." मी बाहेर आले आणि दार जरा जोरातच लागलं.

ते चार दिवस मी माणसात नव्हते. गाळ्याबाहेरच्या लांब व्हरांड्यात येरझाऱ्या घालायचे, इतक्या की बटणवाल्या मुली विचारू लागल्या, "दीदी, कोई आनेवाला है क्या?" घरी जाताना गांधीनगरच्या वळणाला सिग्नल हिरवा झालेला मला दिसला नाही आणि मागच्या रिक्षावाल्याने माझ्या सात पिढ्या काढल्या. मी उलटून बोललेसुद्धा नाही. रात्रीच्या जेवणाला बाबांवरच घसरले. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं चौकशा करायला? गप सुकट निवडायची ना!"

"माका काय म्हायत गो," ते बिचारे म्हणाले. "मी आपला इचारलंय."

मला रडू फुटलं. चाळिशी उलटलेली बाई, ताटावर बसून रडतेय. त्यांनी माझ्या ताटात आणखी भात वाढला. दुसरं काय करणार.

आणि एक गोष्ट कबूल करायची राहिली. बुधवारी मी एक पाप केलं. मॉडेल उलटं चालवलं. स्विचसमोर किती आकडा ठेवला तर जुनी मांडणी मर्यादेच्या वर जाते, हे मी संगणकाला विचारलं. त्याने लगेच सांगितलं. फार मोठा आकडा नव्हता तो. बनवणाऱ्याच्या आकड्यापेक्षा जरासाच चढा. पेटीतलं तापमान आम्ही धरलं त्याहून कमी राहील असं दाखवलं, दोन संदर्भ जोडले, की कोणीही मान डोलावली असती. मी तसा कागद तयारही केला. छान दिसत होता. आधीच्यापेक्षा नीटनेटका, खरं तर. तो वाचताना मला पहिल्यांदा भीती वाटली. विसरले होते तेव्हा मी नुसती धांदरट होते, आता मी चोर होत होते, आणि किती सफाईने! मी तो कागद फाडला आणि फाइलही उडवली. मग ती खरंच उडाली ना, हे तीनदा तपासलं.

ठरलं. शुक्रवारी उभं राहायचं आणि बोलायचं. साहेबांनी नोकरीवरून काढलं तर काढू दे. त्यांचं तोंड बघवणार नाही, तर खाली बघून बोलायचं.

शुक्रवारी ती दोघं आली. एक वयस्क गृहस्थ, एक तरुण बाई. दोघंही सज्जन. चहा झाला, पेटी मधोमध मऊ कापडावर ठेवलेली, झाकण उघडं. गृहस्थ म्हणाले, "विश्वासार्हतेचा अहवाल फार छान झालाय, आम्ही सगळ्यांना दाखवला." मी खुर्ची मागे सरकवून उभी राहिले.

"बस," साहेब म्हणाले. मी बसले नाही. तेव्हा ते स्वतः उठले, टेबलाला धरून, त्या गुडघ्याने.

"त्या अहवालात एक चूक आहे," ते म्हणाले. "आम्ही स्विच कधीच न बिघडणारा धरला. ते चूक आहे. खरा आकडा घातला की आमची पेटी तुमच्या अटीत बसत नाही. चूक माझी आहे."

"साहेब, माझी..."

"शेवटची सही माझी आहे," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "तू बस आता."

बसले मी.

त्या बाईंनी कागद पुढे ओढून स्विचची ओळ शोधली, बोट ठेवलं आणि सुस्कारा टाकला. "आमच्याही नजरेतून सुटलं," त्या म्हणाल्या. मग जे होणार हे माहीत होतं तेच झालं. उपग्रह थांबू शकत नव्हता. सुधारलेली पेटी घेऊन पुन्हा अर्ज करा, पुढे जागा झाली तर बघू. साहेब मान हलवत होते, जणू दुसऱ्याच कोणाबद्दल चाललंय.

निघता निघता ते गृहस्थ दारात घुटमळले. त्यांना पुढचं बोलणं जड जात होतं. पेटीची जागा रिकामी ठेवून चालणार नव्हतं. उपग्रहाचा तोल पेटी धरून बसवलेला. तिथे तेवढंच वजन, त्याच मापाचं, त्याच भोकांवर बसणारं काहीतरी लावावं लागणार. ॲल्युमिनियमचा ठोकळा. "लवकर हवाय," ते म्हणाले. "आणि मापं तुमच्याकडे तयारच आहेत. तुम्ही द्याल का?"

मला वाटलं, साहेब आता त्यांना जिन्यावरून खाली ढकलणार.

"देऊ," साहेब म्हणाले.

तो ठोकळा त्यांनी स्वतः केला. कित्येक वर्षांत यंत्रावर उभे राहिले नव्हते. मिलिंग करणाऱ्या दादांनी दोनदा म्हटलं, "साहेब, राहू द्या, मी करतो." त्यांनी ऐकलं नाही. पेटी आतून पोकळ होती, हा भरीव, म्हणून तेवढ्या वजनाचा ठोकळा पेटीपेक्षा कितीतरी बुटका झाला. ताटलीएवढा पसरट आणि चार कोपऱ्यांना चार भोकं. ते थोडं कापायचे, काट्यावर ठेवायचे, पुन्हा थोडं कापायचे. ग्रॅम ग्रॅम उतरवत आणला. कडा घासल्या, चिंधीने पुसला. मग पेटीसाठी खास कापून घेतलेल्या फोममध्ये, खाली भर घालून, त्यांनी तो बसवला आणि डबा बंद केला. मी दोन टेबलांपलीकडे उभी होते. माझं त्यात काही काम नव्हतं. त्याला गणित लागत नाही.

पुढचे महिने वाईट गेले. आम्ही पेटीत दुसरा स्विच घालायला घेतला. कुठल्या उपग्रहासाठी हे कोणालाच माहीत नव्हतं. साहेब रोज यायचे, कामाचं बोलायचे, तेवढंच. एकदाही रागावले नाहीत. मी मनात म्हणायचे, अहो, घाला ना शिव्या एकदाच्या, चार माणसांत घाला, मोकळे व्हा आणि मलाही होऊ द्या. पण नाही. सकाळी आल्यावर आता ते सरळ चहाच घ्यायचे.

उड्डाण एका गुरुवारी सकाळी होतं. गाळ्यातली सगळी यंत्रं थांबवून आम्ही एका लॅपटॉपभोवती जमलो. बघावं की नाही यावर कोणी चर्चा केली नाही, आपोआप जमलो. इतक्यात दारात काकू, म्हणजे साहेबांची बायको. अंगावर ठेवणीतली साडी, केसात गजरा, हातात स्टीलचा मोठा डबा. कपाळावर घाम, कारण लिफ्ट बंद होती.

"मला न सांगता बघताय होय?" त्या साहेबांना म्हणाल्या. "तारीख मला पेपरात वाचावी लागली. आज आमची पेटी वर जाणार आणि मी घरात बसू?"

टाके जोडणाऱ्या ताईंनी माझ्याकडे बघितलं, मी दादांकडे. साहेब पडद्याकडे बघत होते. त्यांची मान वळली नाही. त्यांनी घरी सांगितलंच नव्हतं. इतके महिने रोज जेवायला एका टेबलावर बसत होते त्या बाईबरोबर, आणि त्यांच्या तोंडून ते निघालं नव्हतं.

मोजणी सुरू झाली. काकूंनी हात जोडले. रॉकेट सुटलं, धूर, प्रकाश, मग एक ठिपका. काकू लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवू लागल्या, तशा आम्हीही वाजवल्या. बऱ्याच वेळाने पडद्यावरच्या माणसाने सांगितलं की उपग्रह आपल्या जागी पोचला. काकूंनी डोळे टिपले, डबा उघडला आणि बेसनाचे लाडू वाटायला घेतले. साहेबांच्या हातावर ठेवला तेव्हा ते नुसते लाडवाकडे बघत राहिले. त्या हसून म्हणाल्या, "बघा, शब्द फुटत नाहीये."

मग त्या माझ्यापाशी आल्या.

"हिशोब तूच केलास ना गं याचा?" त्या म्हणाल्या. "मग तुलाच माहीत असेल. किती वर्षं चालेल आमची पेटी वर?"

माझ्या हातात लाडू होता. साहेबांनी लॅपटॉपवरून नजर काढली आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत काय होतं ते मी सांगू शकत नाही. विनवणी नव्हती, एवढं नक्की. तो माणूस विनवणी करणाऱ्यातला नव्हे. एका आकड्यापायी मी त्यांच्या हातातून ती पेटी काढून घेतली होती, आणि आता त्यांची बायको मला आकडाच विचारत होती.

"पुष्कळ वर्षं, काकू," मी म्हटलं. "बिघडण्यासारखं तिच्यात काही ठेवलेलंच नाही साहेबांनी."

काकूंनी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. साहेब लाडू हातात घेऊन केबिनमध्ये गेले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. काचेतून त्यांचे खांदे हलताना दिसत होते. काकू डबा घेऊन पुढच्या टेबलाकडे गेल्या होत्या, आणि त्यांना तिकडे दिसू नये म्हणून मी काचेला पाठ लावून उभी राहिले.